प्रति की पत्री?

आमच्या घरात एका शब्दावरून चाळीस वर्षे भांडण चालले होते. आजोबा 'शेणोलीचा दरोडा' म्हणाले, की आजीच्या हातातले सूप थांबायचे. "दरोडा न्हवं, आपलाच पैका परत आणला," एवढे बोलून ती पुन्हा पाखडायला लागे. ७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली. भांडण होते ते त्या प्रसंगाचे.

आजोबा वर्तमानपत्र वाचीत; आजीला अक्षरओळख नव्हती. सारा फरक तिथला होता. ऑगस्ट १९४२ पासून चळवळीच्या बातम्यांवर सरकारचा पहारा बसला होता. अधिकृत किंवा सरकारमान्य मार्गाने आलेला मजकूर तेवढा छापायचा. गांधीजींचे 'हरिजन' तर बंदच पडले. अशा वेळी बातमीबरोबर तिचे शब्दही सरकारी दप्तरातून येत. नाना पाटलांची माणसे म्हणजे गुंड, दरोडेखोर! एकदा 'दरोडा' म्हटले, की पैसा मुळात कोणाचा, हे विचारायची सोयच उरत नाही. आणि गावोगाव न्यायदान मंडळे चालवणारे, थोडक्या खर्चात लग्ने लावून देणारे दरोडेखोर कोणत्या रकान्यात बसवायचे?

क्रियापदांचीही हीच तऱ्हा. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी पडले. 'पोलिसांना गोळीबार करावा लागला' ही वाक्यरचना आपण आजही वाचतो. त्या 'लागला'त बंदूक कोणाच्या हाती होती हे दिसते खरे, पण दोष मात्र अलगद मोर्चाकडे सरकतो. मराठीचे हे सामर्थ्य फार जपून वापरावे.

सर्वांत मजेचा प्रवास 'प्रति'चा. प्रतिसरकार म्हणजे समांतर सरकार. लोकांच्या तोंडी त्याचे 'पत्री सरकार' झाले, आणि बैलाला पत्री ठोकतात तशी हे लोक माणसांच्या पायाला ठोकतात, अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात शिक्षा तळपायांवर काठीच्या फटक्यांची असे. (तीही काही गोड नव्हे.) विरोधकांना त्या शब्दात क्रौर्य दिसले, खबऱ्यांना धडकी भरली, आणि खेड्यातल्या माणसाने तोच शब्द कौतुकाने मिरवला. छापखान्याबाहेर शब्द असे कोणाच्याच ताब्यात राहत नाहीत.

पुढे जुन्या साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. शेणोली साताऱ्यात राहिली, कुंडल सांगलीत गेले. त्या कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, नव्वदी ओलांडल्यावरही पत्रकार पी. साईनाथ यांच्याजवळ 'लूट' या शब्दाला हरकत घेत होते. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे.

ते वाचले आणि मी चमकलो. आजी तर त्यांना कधी भेटलेली नव्हती. आजोबा मात्र शेवटच्या दिवसांत 'शेणोलीचा' एवढेच म्हणून थांबत, आणि तिच्या सुपाकडे पाहत.