मोरी
१. बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या घरांत मोरी म्हणजे कोपऱ्यातली, बुटक्या कट्ट्याने वेगळी केलेली, सांडपाण्याला बाहेर वाट असलेली जागा. हातपाय, अंघोळ, भांडी सगळे तिथेच. शेजारच्या कन्नड घरात तिलाच ‘बच्चलु’ म्हणतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीतून धुळीने माखून आलेली बाई आधी मोरी गाठणार, मग चूल. या हस्तलिखिताचे लेखक याच सवयीत वाढले.

इंग्लंडात त्यांनी टबाबाहेर तांब्याने अंघोळ केली तेव्हा त्यांची घरमालकीण चिडली, त्याचे कारण बांधकामात आहे. तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा निचरा नसतो. कधीकधी तर गालिचा असतो. तांब्याने अंगावर घेतलेले पाणी खालच्या मजल्याच्या छतातून गळते. टबाबाहेर अंघोळ न करणे हा तिच्या लेखी घर राखण्याचा भाग होता.

‘गोऱ्यांना पाण्याचे वावडे’ हे लेखकाचे विधान मात्र मान्य करता येत नाही. इटलीत घरोघरी बिडे (धुण्याचे बसके भांडे) बसवणे १९७५ पासून बंधनकारक आहे, फिनलंडमध्ये शौचकूपाशेजारी हातफवारा सर्रास दिसतो.

हस्तलिखितात सर्वत्र ‘मोरी’ आहे. इथेही तोच शब्द ठेवला आहे. — संपा.