पॉन्टिप्रिदच्या पुलाला छिद्रे कशासाठी?

वेल्समध्ये टॅफ नदीवर पॉन्टिप्रिद इथे १७५६ साली पुरा झालेला एका कमानीचा दगडी पूल आहे. गाळा १४० फुटांचा, कमानीची उंची ३५ फूट. कमानीच्या दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल, आरपार छिद्रे आहेत. पुराचे पाणी निघून जावे म्हणून ती ठेवली, असे सर्रास सांगितले जाते. मला हे मत मुळीच मान्य नाही. तो बांधणाऱ्या विल्यम एडवर्ड्सने फार सोसून मिळवलेले ज्ञानच त्यामुळे झाकले जाते.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. एडवर्ड्स हा धर्मोपदेशक, गवंडीकाम स्वतःच शिकलेला. १७४६ मध्ये त्याने सात वर्षांच्या हमीवर हे काम घेतले. पहिला पूल अनेक कमानींचा होता. पुरात वाहत आलेली झाडे खांबांना अडली, पाणी तुंबले आणि पूल गेला. त्यावर त्याने पात्रातला खांबच काढून टाकला. पुराचा बंदोबस्त तिथेच झाला. पुढची एक कमान पुरी होण्याआधीच कोसळली. तिच्यानंतरची मात्र स्वतःच्या भारानेच मोडली. खांद्यांवर भरावाचे ओझे फार, माथ्यावर अगदी थोडे. खांदे दबले आणि माथ्याचे दगड वर उसळले.

याचे शास्त्र तेव्हा अज्ञात नव्हते. लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की कमानीचा आकार मिळतो, हे रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच मांडले होते. साखळीच्या दोन्ही बाजूंना जादा वजने टांगली की बाजू खाली जातात आणि मधला भाग वर ओढला जातो. भार बदलला की कमानीला हवा असलेला आकारही बदलतो. एडवर्ड्सने कमान तशीच ठेवून, खांद्यांत छिद्रे ठेवून भारच हलका केला.

आता मापे घेऊ. छिद्रांचे व्यास नऊ, सहा आणि तीन फूट. सर्वांत मोठे काठाकडे, जिथे भराव सर्वांत खोल, सर्वांत लहान माथ्याकडे. सहाही छिद्रांचे क्षेत्रफळ मिळून दोनशे चौरस फूटही भरत नाही. कमानीखालची मोकळी जागा सुमारे ३,४०० चौरस फूट आहे. एवढी वाट तुंबेपर्यंत पाणी चढले, तर या सहा टक्क्यांनी काय साधणार?

चीनमधल्या झाओझोऊच्या पुलाचा दाखला इथे दिला जाईल. सातव्या शतकाच्या आरंभी ली चुनने बांधलेल्या त्या पुलाच्या खांद्यांतल्या चार छोट्या कमानी वजनही घटवतात आणि पुरालाही वाट देतात, हे खरेच. पण तिथली कमान फार चपटी, म्हणून त्या वाटेला मोल आहे.

एडवर्ड्सचाच पुढचा पूल पाहावा. १७७३ मध्ये त्याने लँडोव्हरीजवळ टोवी नदीवर ८४ फुटांची कमान बांधली. गाळा लहान, भराव कमी, आणि प्रत्येक खांद्यात छिद्र एकच.