काळा, पांढरा आणि मधले चेहरे

आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल, म्हणून सुरुवात ओळखीच्या दृश्यापासून करू. जुन्या वर्तमानपत्रातला एखाद्या सभेचा फोटो आठवा. टोप्या पांढऱ्याशुभ्र, आणि टोप्यांखाली चेहऱ्यांच्या जागी काळे डाग. मूळ फोटोत माणसं ओळखू येत होती ना? मग छापताना ती गेली कुठे?

कारण साधं आहे. छापखान्यातली काळी शाई कागदावर लागते, नाहीतर लागत नाही. करडी अशी ती होत नाही. मधल्या छटांचा भास निर्माण करावा लागतो. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. यालाच आपण हाफटोन म्हणतो. फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ सालीच जाळीतून छटा फोडण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली होती. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’मध्ये झोपडवस्तीचा हाफटोन फोटो छापून आला.

आपल्याकडे या कामात मोठं नाव उपेंद्रकिशोर राय चौधरी यांचं. सत्यजित राय यांचे हे आजोबा. स्वतःच्या पुस्तकातली चित्रं लाकडी ठशांवरून खराब छापली गेली, तेव्हा त्यांनी १८९५ साली इंग्लंडहून सामग्री मागवली आणि कलकत्त्यात हाफटोनचे प्रयोग सुरू केले. त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापले जात. जाळी प्लेटपासून किती अंतरावर हवी, भिंगाचं छिद्र केवढं हवं, याचा त्यांनी गणिताने विचार केला.

छिद्राला एवढं महत्त्व का? ब्लॉक करणारा कारागीर एकाच फोटोला दोन-तीनदा प्रकाश देई. मोठ्या छिद्रातून उजळ भागासाठी, लहान छिद्रातून गडद भागासाठी. शेवटी समोर कोरा पांढरा कागद धरून क्षणभर आणखी प्रकाश. त्यामुळे दाट काळ्यातही बारीक पांढरे ठिपके उघडे राहत. म्हणजे अंधारातला चेहरा वाचे.

आज हेच काम आपण संगणकावर ‘लेव्हल्स’ आणि ‘कर्व्हज’ने करतो. फोटोत ० ते २५५ अशा छटा असतात, पण वर्तमानपत्राचा कागद तेवढ्या पेलत नाही. तो शाई पितो, ठिपका फुगतो. ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. म्हणून मधल्या छटा आधीच उजळाव्या लागतात, आणि सर्वांत गडद भाग पूर्ण काळा न ठेवता थोडा अलीकडेच थांबवावा लागतो. पडद्यावर असा फोटो फिका दिसतो. कागदावर तो बरोबर उतरतो.

मुद्दा असा, की छपाईत सगळ्या छटा कधीच मावत नाहीत. काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडायचं हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. आभाळातले ढग राखायचे की उन्हात उभ्या मजुराचा सावळा चेहरा? घाईत ‘ऑटो’ बटण दाबलं तर बहुतेक वेळा टोपी वाचते आणि चेहरा जातो. पुढे शंभर वर्षांनी कुणी तो अंक उघडला, तर त्या सभेला कोण होतं हे त्याला कळणार नाही. म्हणून फोटो छापायला देताना आपण आधी चेहरे बघू, ढग नंतर.