टंकलेखकाची विद्या आणि तिचा खर्च

१९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही तेथे राजभाषा ठरल्या आणि इंग्रजीबरोबर देवनागरी टंकलेखनालाही मोल आले. १९५५ मध्ये गोदरेजने देशी टंकयंत्र बनविले. पुढे महाराष्ट्रात मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द, ही लिपिक-टंकलेखकाची पात्रता झाली. गरिबाच्या मुलांना त्या विद्येने भाकरी दिली.

मग संगणक आला. २००१ मध्ये राज्यात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. २००९ च्या सुमारास गोदरेजने टंकयंत्रे बनविणेही थांबविले. परंतु संगणकावर अक्षरे उमटविणे निराळे आणि त्याच्याकडून काम करून घेणे निराळे. एकच पत्र पाचशे नावांनी काढणे, मथळ्यांवरून अनुक्रमणिका तयार करणे, हे पुढच्या वर्गातच शिकावे लागते. ज्याला ते कोणी शिकविले नाही, तो कारकून दिवसभर राबतो आणि वर मंद ठरतो.

श्रोतेहो, यंत्राला आमचा विरोध नाही. पण यंत्र मालकाने बदलावे आणि शिकण्याची फी व वेळ कामगाराने आपल्या संसारातून काढावा, हा कोठला न्याय? हे शिक्षण कामाच्या वेळात आणि मालकाच्या खर्चानेच मिळाले पाहिजे. पगाराइतकीच ही मागणीही आम्ही हक्काची मानतो.