संगणकाला पाणी पाजावं का?

तर झालं असं, की गेल्या शनिवारी नव्या संगणकाची यादी करायला बसलो. प्रोसेसर ठरला, मदरबोर्ड ठरला, रॅम ठरली आणि गाडी अडली ती कूलरवर. दुकानदार म्हणाला, "साहेब, लिक्विडच घ्या. आता सगळे तेच घेतात." मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. कारण पाणी आणि संगणक यांची मी पाहिलेली पहिली भेट काही गोड नव्हती.

साल २००३. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, पुण्यातली कॉट बेसिसवरची खोली. माझ्या रूम पार्टनरने माशांच्या टाकीचा पंप, भंगारातून आणलेला गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणि प्लॅस्टिकची नळी असं जोडून घरगुती वॉटर कूलिंग केलं. तीन आठवडे झकास चाललं. चौथ्या आठवड्यात एका रात्री नळीची क्लिप सैल झाली... सकाळी मदरबोर्ड गेला होता आणि हार्ड डिस्कसुद्धा. तिच्यावर आमचा दोघांचा प्रोजेक्ट होता. बॅकअप ही गोष्ट आम्हाला फक्त परीक्षेत लिहिण्यापुरती माहीत होती! पुढचे अकरा दिवस आम्ही तो कोड आठवून आठवून परत लिहिला.

असो. दुकानदाराला हो म्हणण्याआधी म्हटलं, मोठ्या मंडळींनी हे कसं निभावलं ते तरी बघू.

सुरुवात हवेनेच झाली. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो १५० किलोवॉट वीज खात असे. त्याला थंड ठेवायला मोठमोठे पंखे होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रं लहान झाली, पण लहान जागेत जास्त उष्णता कोंडू लागली. खरी अडचण नेहमी हीच असते. एकूण उष्णता किती, यापेक्षा ती किती जागेतून बाहेर काढायची, हा प्रश्न मोठा. समान आकारमानाचं पाणी, तेवढंच तापलं तर, हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. मोह पडणारच!

सेमूर क्रे यांचा क्रे-१ हा महासंगणक १९७६ साली लॉस अलामोसला बसवला गेला. वीज सुमारे ११५ किलोवॉट. सर्किट बोर्डांची उष्णता तांब्याच्या पत्र्यांतून ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांत जायची आणि त्या खांबांत बसवलेल्या पोलादी नळ्यांतून फ्रिऑन वाहायचा. म्हणजे चक्क फ्रिजच! हे काम डीन राउश या इंजिनियरकडे होतं. आणि त्यांना छळलं कशाने? गळतीने. फ्रिऑनमध्ये मिसळलेलं वंगणाचं तेल सांध्यांतून झिरपून बोर्डांवर पसरायचं आणि शॉर्ट व्हायचं. शेवटी वेल्डिंगची पद्धतच बदलावी लागली. हे वाचलं आणि मला आमची खोली आठवली :-)

आयबीएमने वेगळा मार्ग धरला. १९८० साली जाहीर झालेल्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये शंभरावर चिप एका बंद डब्यात असत. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेली धातूची छोटी दांडी, डब्यात हेलियम वायू आणि डब्याच्या बाहेरून पाणी. पाण्याला चिपजवळ फिरकूच द्यायचं नाही. क्रे यांनी १९८५ च्या क्रे-२ मध्ये उलटं टोक गाठलं. वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट या द्रवात सगळे बोर्ड सरळ बुडवून टाकले. आता गळून गळून काय गळणार?

मग गंमत झाली. नव्वदच्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि १९९४ मध्ये आयबीएमने हवेवर थंड होणारे मेनफ्रेम बाजारात आणले. पाणी गेलं! पण चिपचा वेग वाढत गेला तशी उष्णता परत आलीच. २००४ मध्ये पेंटियम ४ शंभर वॉटच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी इंटेलने त्याचा पुढचा अवतार, तेहास, रद्द केला. त्याच वर्षी ॲपलने पॉवर मॅक जी५ मध्ये द्रव खेळवला. पुढे त्यातल्या काही यंत्रांत गळती झालीच. कॉर्सेरचा एच५० आला २००९ साली. डेन्मार्कच्या असेटेकची रचना, पंप आणि थंड पट्टी एकाच ठोकळ्यात, सगळं कारखान्यातच भरून बंद केलेलं. आज दुकानदार विकतो तो याच जातीचा कूलर. त्यातली मोठी सोय कोणती म्हणाल, तर सांधे जोडण्याचं काम आपल्या हातून काढून घेतलं!

आणि हे फक्त अमेरिकेतलंच नाही हं. आपल्या पाषाणला, आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला परम ब्रह्मसुद्धा द्रवावरच थंड होतो.

मग मी काय घेतलं? हवेचाच कूलर. माझा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला, ताणला तर ८८ वॉट. एवढ्याला तांब्याच्या उष्णतानळ्या आणि एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा पुरतो. शिवाय पाण्यातली उष्णतासुद्धा शेवटी खोलीतल्या हवेतच जाते. एप्रिलमध्ये खोली ३८ अंशांवर असेल, तर रेडिएटर पाण्याला त्याखाली नेऊ शकत नाही. आणि रात्रभर बिल्ड चालू असताना पंखा बंद पडला तरी धातूचा ठोकळा थोडी उष्णता सोडत राहतो. पंप बंद पडला तर पाणी नुसतं उभं राहतं.

तुमचा प्रोसेसर सतत २०० वॉटच्या वर जाणारा असेल तर लिक्विड जरूर घ्या. फक्त रेडिएटर वर बसवा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर साठतात, पंपात अडकत नाहीत. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत राहतं, तेव्हा वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा.

काल त्या जुन्या रूम पार्टनरला फोन करून हा सगळा इतिहास ऐकवला. तो म्हणाला, "अरे, मग आपण क्रेच्याच मार्गावर होतो की! फक्त क्लिप पाच रुपयांची होती."

बॅकअप मात्र आता दोन ठिकाणी घेतो.