उल्लेखांची मोजदाद आणि विद्यापीठांची क्रमवारी

विजेचें इंजिनिअरिंग शिकूं इच्छिणारा विद्यार्थी आज परदेशीं जावयाचें ठरवितांच प्रथम क्रमवारीचा तक्ता उघडतो. अमुक विद्यापीठ तिसरें, तमुक एकशें सातवें, असें तेथें छापलेलें असतें. आणि छापील आंकड्यापुढें मान तुकविण्याची आपली संवय जुनी आहे. ‘संशोधनाचा प्रभाव’ म्हणून या तक्त्यांत जो रकाना असतो, त्याचें माप मुख्यतः एकच. त्या विद्यापीठांतील संशोधकांच्या निबंधांचा उल्लेख इतरांनीं आपल्या निबंधांत किती वेळां केला, तें मोजावयाचें. हें माप मुळांत कोणी व कशासाठीं काढलें, याची हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

१९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजांत ग्रॉस आडनांवाच्या दोघां लेखकांपुढें एक साधा व्यवहाराचा प्रश्न होता. लहान कॉलेजाच्या ग्रंथालयाची थैलीहि लहानच. तेव्हां रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें विकत घ्यावीं? त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड पुढें ओढला, त्यांतील तळटीपा मोजल्या, आणि ज्यांचीं नांवें अधिक वेळां आलीं तीं नियतकालिकें आधीं घ्यावीं, असा निर्णय दिला. तीनच वर्षांनीं, १९३० सालीं, मॅकनीली आणि क्रॉस्नो यांनीं हीच रीत विजेच्या इंजिनिअरांच्या नियतकालिकांना लावली व आपला निष्कर्ष ‘सायन्स’ या साप्ताहिकांत छापला. ग्रंथालयाच्या फळीवर काय ठेवावें, एवढेंच त्यांना सांगावयाचें होतें. कोणती संस्था थोर आणि कोणती हलकी, हा प्रश्न त्यांनीं विचारलाच नव्हता.

पुढें १९५५ सालीं यूजीन गारफील्ड यानें सर्व शास्त्रांकरितां उल्लेखांची सूचि करावी अशी कल्पना मांडली. नमुना त्यानें वकिलांकडून घेतला. एखाद्या निकालाचा आधार पुढें कोठें कोठें घेतला गेला, हें दाखविणारी शेपर्डची सूचि अमेरिकेंत १८७३ पासून निघत होती. गारफील्डची सूचि १९६४ सालीं बाहेर पडली. संशोधकाला हवा तो निबंध सांपडावा, हा तिचा हेतु. परंतु तयार झालेली मोजदाद पुढें इतरांच्या हातीं गेली. २००३ सालीं शांघायच्या ज्याओ तोंग विद्यापीठानें, चिनी विद्यापीठें जगाच्या किती मागें आहेत हें पाहण्याकरितां, क्रमवारी रचली. २०१७ सालीं त्याच शांघाय-क्रमवारीनें विद्युत् व इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगचा स्वतंत्र तक्ता काढला. त्यासाठीं पांच वर्षांचे निबंध घेतले होते. तोंवर क्रमवारी ही केवळ कुतूहलाची गोष्ट राहिली नव्हती. २०२२ सालीं ब्रिटननें गुणी पदवीधरांसाठीं खास परवाना सुरू केला, त्याची तेव्हांची अट अशी होती कीं, पदवी देणारें विद्यापीठ तीन प्रसिद्ध तक्त्यांपैकीं निदान दोहोंत पहिल्या पन्नासांत असावें. त्या वर्षींच्या यादींत भारतांतील एकहि संस्था नव्हती. मुंबईचा पदवीधर कितीहि हुशार असो, या दारानें त्याला आंत जातां येईना.

आतां पांच वर्षांची ही मुदत या शास्त्राला कितपत मानवते तें पाहूं. १९६० सालीं एम्. आय्. टी. येथें रॉबर्ट गॅलगर या तरुणानें डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. तारेनें वा बिनतारी मार्गानें संदेश धाडतांना वाटेंत कांहीं अक्षरें बिघडतात. तीं ओळखतां यावीं म्हणून संदेशाबरोबर तपासणीचे जादा अंक जोडावयाचे, अशी जुनी युक्ति होती. गॅलगरनें प्रत्येक तपासणी अगदीं थोड्याच अक्षरांशीं बांधली, आणि या तपासण्यांची साक्ष पुनः पुनः एकमेकींशीं ताडून मूळ संदेश उकलण्याची रीत दिली. भांडणाचा निवाडा करतांना पंच प्रत्येक साक्षीदाराला दुसऱ्याचें म्हणणें ऐकवून पुन्हां विचारतात, तसाच कांहींसा हा प्रकार. १९६३ सालीं त्याचें पुस्तकहि निघालें. पण इतकें गणित झपाट्यानें करणारीं यंत्रें त्या काळीं नव्हतीं, आणि ती कल्पना सुमारें तीस वर्षें जवळजवळ पडून राहिली. १९९३ सालीं फ्रान्समधील ब्रेस्तच्या तारायंत्रविद्येच्या शाळेंतील संशोधकांनीं जिनीव्हाच्या परिषदेंत दुसरी एक तशीच प्रभावी पद्धति सादर केली, तेव्हां या विषयाला नवें चैतन्य आलें; आणि त्याच दशकांत केंब्रिजमध्यें मॅके आणि नील यांनीं गॅलगरची रीत पुन्हां उजेडांत आणली. २०१६ सालीं पांचव्या पिढीच्या मोबाईल जाळ्यांतील मजकुराच्या वहनासाठीं तिची निवड झाली. १९६५ च्या सुमारास पांच वर्षांचा हिशेब करणाऱ्याच्या वहींत या प्रबंधाची किंमत किती लागली असती?

कोणी म्हणेल, एम्. आय्. टी. नाहींतरी तक्त्यांत वरच असते, तेव्हां तिचें काय बिघडलें! तें खरें. म्हणून गॅलगरच्याच एका शिष्याकडे पाहावें. एर्दाल आरिकान हा तेथून पदवी घेऊन १९८७ सालीं तुर्कस्थानांत अंकाराच्या बिल्केंत विद्यापीठांत गेला. तें विद्यापीठ निघून तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. अनेक वर्षांच्या चिंतनानंतर २००९ सालीं त्यानें ‘ध्रुवीय संकेतां’वरील निबंध प्रसिद्ध केला, आणि २०१६ सालीं त्याच मोबाईल जाळ्यांतील नियंत्रक संदेशांसाठीं ती पद्धति निवडली गेली. मधल्या वर्षांत बिल्केंतच्या चालकांनीं तक्त्याकडे बोट दाखवून त्याच्यापाशीं दर सालीं निबंधांची मागणी केली असती, तर काय झालें असतें, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. विजेच्या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेनें, म्हणजे आय्. ई. ई. ई. नें, २०१३ सालीं जाहीर केलें कीं, अशा एकाच आंकड्यावरून संशोधकाची परीक्षा करूं नये. जाणकारांनीं काम वाचून मत द्यावें. मला हें निवेदन मोठ्या धैर्याचें वाटतें, कारण या संस्थेचीं स्वतःचीं नियतकालिकें याच मोजदादींत वरच्या पायरीवर असतात.

शिवाय कांहीं कामें विद्यापीठाच्या खात्यांत येतच नाहींत. क्लॉड शॅननचा १९४८ चा संदेशवहनाचा सिद्धान्त बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंतून आणि तिच्याच नियतकालिकांतून बाहेर पडला. त्याहून विलक्षण गोष्ट ऑलिव्हर हेव्हिसाइडची. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेला हा इंग्रज तारायंत्री. मॅक्सवेलचीं समीकरणें आज विद्यार्थी ज्या आटोपशीर रूपांत शिकतो, तें रूप मुख्यतः त्याच्या हातचें. ‘इम्पीडन्स’ हा शब्दहि त्यानेंच १८८६ सालीं घडविला. तो शब्द लिहितांना आज कोणीहि खालीं तळटीप देत नाहीं, म्हणून मोजणाऱ्याला तो दिसत नाहीं. १९०५ सालीं ग्योटिंगेन विद्यापीठानें हेव्हिसाइडला सन्मानानें डॉक्टरची पदवी दिली. तेव्हां तो पंचावन्न वर्षांच्या सुमारास होता, आणि त्याच्या त्या शब्दाला वीस वर्षें होत आलीं होतीं.