ग्रँट, एडी

ग्रँट, एडी : (५ मार्च १९४८– ). एडी ग्रँट हा गयानात जन्मलेला ब्रिटिश पॉप व रेगे गायक, गीतकार, गिटारवादक आणि ध्वनिमुद्रण-निर्माता आहे. त्याचे जन्मगाव प्लेझन्स हे तत्कालीन ब्रिटिश गियानात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असले, तरी इतिहास, भाषा आणि संगीत यांमुळे हा देश कॅरिबियन परिवारातच गणला जातो. १९६० मध्ये तो लंडनला गेला. तेथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘द ईक्वल्स’ या त्याच्या वाद्यवृंदात कृष्णवर्णी आणि गौरवर्णी तरुण एकत्र वाजवीत, जे त्या काळच्या ब्रिटनमध्ये विरळाच होते. त्याने रचलेले ‘बेबी, कम बॅक’ १९६८ मध्ये ब्रिटिश लोकप्रियता-यादीत अग्रस्थानी पोहोचले.

१९७१ च्या प्रारंभी, ऐन विशीत, हृदयविकाराचा झटका आल्याने त्याने वाद्यवृंद सोडला आणि तो निर्मितीकडे वळला. लंडनमध्ये स्वतःचा ध्वनिमुद्रण-स्टुडिओ आणि ‘आइस रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी उभारून त्याने आपल्या संगीताची मालकी आपल्याच हाती ठेवली. कृष्णवर्णी कलावंतांची निर्मिती परक्या कंपन्यांच्या ताब्यात जाण्याच्या त्या काळात हा निर्णय त्याच्या गाण्यांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

‘किलर ऑन द रॅम्पेज’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक वाद्ये त्याने स्वतः वाजविली आहेत. तीतील ‘आय डोन्ट वॉना डान्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या, तर ‘इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू’ ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. दुसऱ्या गाण्याचे शीर्षक लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील बाजाररस्त्याचे आहे. बेकारी आणि पोलिसी जाच यांमुळे १९८१ मध्ये ब्रिक्स्टनला दंगल उसळली, आणि तिच्यामागचे दारिद्र्य व संताप या गाण्यात आले आहेत. रेगे म्हणजे दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात देणारी जमैकन शैली. येथे मात्र तिची छाया तेवढी उरते आणि सिंथेसायझरचा खरखरीत, गुरगुरता स्वर व नृत्याचा सरळ ठेका यांनी गाणे तोलले जाते. त्यामुळे निषेधगीत असूनही ते नृत्यगृहांत रुजले.

१९८२ मध्ये तो बार्बाडोसला स्थायिक झाला व तेथे त्याने ‘ब्लू वेव्ह’ हा स्टुडिओ काढला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या ‘गिम्मी होप जोआना’ (१९८८) या गीतातील जोआना म्हणजे जोहॅनिसबर्ग. त्या देशात गीतावर बंदी आली, तरी ब्रिटनमध्ये ते पहिल्या दहांत होते. पुढे त्याने आइस रेकॉर्ड्सतर्फे जुन्या कॅलिप्सो गायकांच्या, म्हणजे त्रिनिदादच्या उपरोधपर लोकगीतांच्या परंपरेतील कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांचे पुनःप्रकाशन केले. हे जतनकार्य त्याच्या कीर्तीत झाकोळले गेले आहे.

‘इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू’चा प्रचारचित्रफितीत विनापरवाना वापर केल्याबद्दल त्याने २०२० मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांच्यावर दावा लावला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला.